न आलेल्या घड्याळाचा दाखला

माणसाला या जगात दोनच प्रकारे वाट पाहता येते: बसून आणि उभ्याने. उभ्याने पाहिलेली वाट अधिक फळते असा सर्वत्र समज आहे, म्हणूनच खिडक्यांपुढे रांगा असतात आणि खुर्च्या नसतात. ऑनलाइन लिलावाने या बाबतीत मोठी क्रांती केली. पूर्वी न आलेल्या वस्तूसाठी माणसाला अंघोळ करून, छत्री घेऊन कचेरीपर्यंत जावं लागे. आता ती घरात लोळत पडल्या पडल्याही येत नाही.

लिलावात बोली जिंकली, पैसे भरले आणि विक्रेत्याने माल धाडलाच नाही, तर खरेदीदाराने काय करावं? यावर पुष्कळ मंडळी पुष्कळ सल्ले देतात. खात्रीचा उपाय एकच आहे आणि तो या मजकुराच्या शेवटी दिला आहे. (वाचकांनी थेट शेवटाकडे उडी मारू नये. उपाय नीट बांधून व्हायचा आहे.) तोवर या क्षेत्रातल्या एका अधिकारी पुरुषाचं उदाहरण पाहू.

त्यांना सगळे वाटेतराव म्हणत. हे नाव नव्हे, पदवी. टपाल कचेरीच्या पार्सल खिडकीवर सत्तावीस वर्षं बसून त्यांनी ती कमावली होती. 'माझं पार्सल कुठे आहे?' या प्रश्नाची जितकी उत्तरं असू शकतात, त्यांतली तीन त्यांनी निवडून काढली आणि बाकीची टाकून दिली: 'निघालंय', 'वाटेत आहे' आणि 'वर लिहिलंय'. पहिलं उत्तर पहिल्या पंधरवड्यात द्यायचं, दुसरं त्यानंतर कितीही काळ, आणि तिसरं समोरचा रडायला लागला तर. (वर म्हणजे कुठे, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर वाटेतराव छताकडे बघणार होते.)

ग्राहकांचेही त्यांनी तीन वर्ग पाडले होते. पहिल्या वर्गातला ग्राहक खिडकीवर हात आपटतो, आवाज चढवतो, साहेबांच्या खोलीत घुसतो. त्याचं पार्सल सापडतं. हा वर्ग शेकडा चार. दुसऱ्या वर्गातला दर आठवड्याला ठरल्या वारी येतो, नमस्कार करतो, विचारतो आणि जातो. शेकडा अकरा. उरलेले सगळे तिसऱ्या वर्गात. तिसऱ्या वर्गातला ग्राहक 'वाटेत आहे' हे शब्द ऐकतो, त्याचा चेहरा फुलतो, तो म्हणतो, "बरं झालं सांगितलंत, जिवाला घोर लागला होता." मग तो मनापासून आभार मानतो आणि पुन्हा येत नाही. कोणतीही कचेरी चालते ती यांच्यावर.

वाटेतरावांचं उत्तर ज्या एका पत्त्यावर पचलं नव्हतं तो पत्ता त्यांच्याच घराचा होता. त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. शाळा तिला गणिताच्या बाई म्हणे, आणि घरातही वातावरण साधारण तेच होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी बाईंच्या आईने लेकीला एक पार्सल धाडलं. आत होतं एक पितळी गजराचं घड्याळ: वर दोन घंटा, मधे हातोडी, मागे किल्ली. लहानपणी बाई याच घड्याळाने शाळेसाठी उठायच्या. ज्या दिवशी उठायच्या नाहीत त्या दिवशी आई ते रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर ठेवायची, म्हणजे शेजारचेही उठायचे. पार्सलाच्या आधी आईचं पत्र आलं: घड्याळ धाडलंय, पोचल्याचं कळव. बाईंनी नवऱ्याला विचारलं. नवऱ्याने सवयीने सांगितलं, "वाटेत आहे." बाईंनी तसं कळवलं. आईची आणखी तीन पत्रं आली, प्रत्येकात खाली तेच: पोचलं का? तिन्हींना तेच उत्तर गेलं. मग पत्र आलं नाही, फोन आला. आई गेली होती.

तेव्हापासून दर लग्नाच्या वाढदिवसाला, सकाळचा चहा पुढे ठेवताना बाई विचारत, "काय हो, आईचं पार्सल?"

"वाटेत आहे."

"बरं."

एकोणीस वर्षांत या संवादातला एक शब्द बदललेला नव्हता. (पुष्कळ जोडप्यांकडे एवढाही संवाद उरत नाही, हे ध्यानात घ्यावं.) पण 'बरं' म्हटल्यावर बाई कपाकडे बघत, नवऱ्याकडे नाही, आणि तेवढ्यात वाटेतरावांचा चहा गार होई. यंदा लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. पंचविसाव्या वाढदिवसालाही असाच गार चहा प्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. तो दिवस सात आठवड्यांवर असताना लिलावाच्या संकेतस्थळावर त्यांना ते घड्याळ दिसलं.

तेच. दोन घंटा, मधे हातोडी. विक्रेत्याचं नाव 'आजोबांची पेटी'. लिलाव मंगळवारी दुपारी पावणेदोनला संपणार होता. वाटेतरावांनी खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' ही पाटी लावली आणि पाटीच्या आत बसून बोली लावल्या. बाहेर सात माणसं उभी होती. त्यांतले एक काका दर मंगळवारी गेली तीन वर्षं येत, म्हणून कचेरी त्यांना मंगळवारचे काका म्हणे. काचेतून त्यांना वाटेतरावांचा घामेजलेला चेहरा दिसला आणि ते मागच्यांना म्हणाले, "कोणाचं तरी पार्सल शोधतायत बिचारे. जेवलेसुद्धा नाहीत."

पावणेदोनला घड्याळ वाटेतरावांचं झालं. त्यांची योजना सरळ होती. जुना खाकी कागद, सुतळी आणि जुनी तिकिटं त्यांनी आधीच जमवून ठेवली होती. वर्ष फिरवता येणारा शिक्का तर हाताशीच होता. घड्याळ आलं की ते आईंच्या पार्सलासारखं बांधायचं, पंचविसाव्या वाढदिवसाला चहाच्या शेजारी ठेवायचं आणि म्हणायचं, "आलं बघ." याला कोणी फसवणूक म्हणेल. टपाल खात्याच्या भाषेत याला विलंबित बटवडा म्हणतात.

दहा दिवस झाले, घड्याळ आलं नाही. त्यांनी विक्रेत्याला विचारलं.

'निघालंय', असं उत्तर आलं.

वाटेतराव खुर्चीत सावरून बसले. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. वाटेतरावांना मात्र परमुलखात आपल्या गावचा माणूस भेटावा तसं झालं. विसाव्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, केवळ खात्री करायला.

'वाटेत आहे.'

एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. हा माणूस जाणता आहे, हे त्यांनी ओळखलं. लगेच पुढचा निरोप आला: 'तारे आधी दिलेत तर पार्सल लवकर पुढे सरकतं.' वाटेतरावांनी पाच तारे दिले आणि शेरा लिहिला: 'उत्तरं वेळेवर, भाषा सभ्य. माल यायचा आहे.' हा शेरा लिहिणारे ते एकटे नव्हते. 'आजोबांची पेटी' या विक्रेत्याला एकूण दोनशे बारा शेरे होते आणि पाचपैकी चार पूर्णांक नऊ तारे होते. दोनशे बारांपैकी एकशे नव्वदांत 'अजून आलं नाही, पण माणूस फार गोड आहे' अशा अर्थाचा मजकूर होता. एकविसांत नुसतंच हसरं तोंड होतं. एका गृहस्थाने एकच तारा दिला होता. त्याचा माल पोचला होता आणि तो फुटका निघाला होता. यावरून माल न पाठवणंच प्रतिष्ठेच्या दृष्टीने किती सुरक्षित, हे कोणत्याही धंदेवाल्याच्या लक्षात यावं.

त्यानंतर विक्रेत्याची आत्या वारली. आठ दिवसांनी दुसरी आत्या वारली. (माल विकल्यापासून पहिल्या तीस दिवसांत विक्रेत्याची आत्या दगावण्याचं प्रमाण सर्वसाधारण आत्यांच्या कितीतरी पट आहे. विमा कंपन्यांनी याचा अभ्यास करायला हरकत नाही.) वाटेतरावांनी दोन्ही वेळा दुःख कळवलं. मग एक दिवस निरोप आला, 'पार्सल काल पुढच्या कचेरीतून निघालं.' हे वाचून मात्र त्यांच्यातला कारागीर अस्वस्थ झाला.

'काल टपालाला सुट्टी होती', त्यांनी लिहिलं. 'अशा वेळी परवा लिहावं.'

'चुकलं. परवा निघालं', उत्तर आलं. 'आपण या लाइनीतले का?'

'सत्तावीस वर्षं. पार्सल खिडकी. आपण?'

'छे हो. मी साधा गिऱ्हाईक. एका पार्सलसाठी सहा वर्षं खिडकीवर हेलपाटे घातले. जे शिकलो ते तिथेच.'

वाटेतरावांनी फोन उलटा ठेवला आणि बराच वेळ शिक्क्यांची शाई नीट करत बसले.

त्याच संध्याकाळी घरी गणिताच्या बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पंचविसाव्याला उगाच काही आणू नका हं. पंचवीस कप, पंचवीस फुलं, असलं काही नको. गेल्या वर्षीच्या चोवीस चमच्यांचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही."

"मग काय हवं तुला?"

"काही नको." त्यांनी एका वहीवर लाल काट मारली. "आईचं पार्सल आलं तर तेवढं सांगा."

चाळिसावा दिवस उजाडला. संकेतस्थळावर 'खरेदीदार संरक्षण कक्ष' नावाची सोय होती. माल न आल्यास पंचेचाळीस दिवसांच्या आत तिथे तक्रार करायची, नंतर तक्रार करण्याचा हक्क आपोआप शांत होतो. वाटेतराव तिथे गेले. कक्षात माणूस नव्हता, एक यंत्र होतं, पण त्याचा स्वभाव चांगला होता. ते म्हणालं, 'आपली अस्वस्थता मला समजते.' वाटेतरावांनी तक्रार लिहिली. यंत्र म्हणालं, 'वस्तू मिळाली नसल्याचा पुरावा म्हणून तिचं छायाचित्र जोडा.'

वाटेतरावांनी पुष्कळ विचार केला आणि घरच्या रिकाम्या टेबलाचा फोटो काढून पाठवला.

'क्षमस्व. छायाचित्रात वस्तू स्पष्ट दिसत नाही.'

त्यांनी दिवा लावून पुन्हा फोटो काढला. यंत्राने प्रकाशाची तारीफ केली, पण वस्तू अजूनही दिसत नसल्याचं खेदाने नमूद केलं आणि दुसरा मार्ग सुचवला: जवळच्या टपाल कचेरीच्या पार्सल खिडकीवरून, पार्सल पोचलं नसल्याचा सही-शिक्क्याचा दाखला आणावा.

जवळची टपाल कचेरी म्हणजे वाटेतरावांची. पार्सल खिडकी म्हणजे वाटेतराव. पण स्वतःचा दाखला स्वतः देऊ नये असा नियम होता. त्यामुळे बेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, त्यांनी शेजारच्या तिकीट खिडकीवरच्या बाईंना आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः दार ओलांडून बाहेरच्या रांगेत उभे राहिले. सत्तावीस वर्षांत त्यांनी ही खिडकी बाहेरून कधी पाहिली नव्हती. काच बरीच मळलेली होती आणि बोलायचं भोक माणसाच्या छातीइतक्या उंचीवर होतं, म्हणजे विचारताना आपोआप वाकायला होई. ते भोक तिथे पाडायची सूचना वाटेतरावांचीच होती.

पुढे मंगळवारचे काका होते. त्यांनी विचारलं, "काही आलंय का?" तिकीटवाल्या बाईंनी समोर चिकटवलेल्या चिठ्ठीवर पाहून सांगितलं, "वाटेत आहे." काका समाधानाने वळले आणि मागे वाटेतरावांना पाहून थबकले.

"अहो, तुम्ही रांगेत?"

"एक पार्सल यायचंय."

"वाटेत असेल हो," काका त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धीर धरा. पहिली तीन वर्षं जड जातात." आणि पुढे काय होतं ते बघायला बाकाशी थांबले.

वाटेतराव वाकले. "मला न-पोच दाखला हवाय."

"पार्सलचा नंबर?" बाई म्हणाल्या.

"नंबर नाही. धाडलंच नाही बहुतेक त्याने."

"मग पार्सल नाहीच. जे नाही ते आलं नाही, असं मी कसं लिहून देऊ? उद्या कोणीही येईल आणि हत्ती आला नाही म्हणून दाखला मागेल."

"बाई, मी आहे. वाटेतराव."

"पाटी वाचा."

काचेवर पाटी होती: 'नंबर नसल्यास चौकशी करू नये. ओळख सांगू नये.' अक्षर सुरेख होतं. वाटेतरावांचंच होतं.

"काहीतरी मार्ग असेल ना?"

बाईंनी खणातून नियमांचं पुस्तक काढलं. वास्तविक त्यांना मार्ग शोधायचा नव्हता, त्यांना हा क्षण जरा लांबवायचा होता. त्यांची बदलीची एक चौकशी गेली चार वर्षं वाटेतरावांमार्फत 'वर' गेलेली होती. पान उलटता उलटता त्या थांबल्या. "आहे. कलम एकतीस. नंबर नसल्यास कचेरीत प्रत्यक्ष शोध घेऊन, आढळ नाही असं लिहून द्यायचं. मग दाखला."

"द्या, लिहितो." वाटेतरावांनी पेन काढलं. 'शोध घेतला, आढळ नाही' हे चार शब्द त्यांनी सत्तावीस वर्षांत इतक्या वेळा लिहिले होते की त्यांचा एक रबरी शिक्काच करून घेतला होता. त्यासाठी खुर्चीतून उठण्याची वेळ कधी आली नव्हती.

"अंहं," बाई म्हणाल्या. "या वेळी उठून घ्या शोध. माझी सही आहे खाली."

काकांनीही मान डोलावली. "घ्या हो. आम्ही थांबतो."

अशा रीतीने कचेरीच्या इतिहासात कलम एकतीसची पहिली अंमलबजावणी झाली. वाटेतरावांनी खण पाहिले, थैल्या पाहिल्या, टेबलाखाली पाहिलं. शेवटी उरला भिंतीला टेकलेला लोखंडी रॅक, म्हणजे त्यांच्या खुर्चीच्या पाठीमागे तीन हातांवर. बाईंनी एका बाजूने धरलं, त्यांनी दुसऱ्या बाजूने, आणि रॅक किंचाळत पुढे आला.

मागे अकरा पार्सलं होती. वरच्या फळीवरून एकेक करून मागे घसरलेली. सहाव्यावर मंगळवारच्या काकांचं नाव होतं. सगळ्यांत खालचं, कापडात शिवलेलं, लाखेची मोहोर असलेलं, गणिताच्या बाईंच्या नावचं होतं.

त्याच्यावर एकोणीस वर्षांपूर्वीचा, याच कचेरीचा, आल्याच्या तारखेचा शिक्का होता. शिक्क्याखाली वाटेतरावांची सही होती. (त्या काळी ते चाळीस सह्या एकदम करत, न बघता. बघून केल्या की मान दुखते.) आणि कोपऱ्यात पेन्सिलीने, त्याच आठवड्यात निवृत्त झालेल्या, वाटेतरावांना साहेब म्हणणाऱ्या जुन्या वर्गीकरणवाल्याच्या अक्षरात लिहिलं होतं: 'साहेबांच्या घरचे. इतरांत मिसळू नये. वर वेगळे ठेवावे.' थोडक्यात, इतरांची पार्सलं निष्काळजीपणामुळे हरवली होती आणि हे एक काळजीमुळे.

तिकीटवाल्या बाईंनी पत्ता वाचला आणि काकांचं पार्सल काकांच्या हातात दिलं. काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं. तीन वर्षांचा नेम तुटल्याने ते जरा भांबावलेले दिसले. "म्हणजे... आता पुढल्या मंगळवारी?" त्यांनी विचारलं.

वाटेतरावांनी आपलं पार्सल खणात ठेवलं आणि पाच दिवस ते खण उघडून बघत राहिले. वर्ष फिरवता येणारा शिक्का शेजारीच होता. जुन्या शिक्क्यावर नवा दाबून मारला, सहीवर एक तिकीट चिकटवलं, की पार्सल आजच दूरच्या कुठल्याशा कचेरीतून फिरत फिरत आलं, असं म्हणता आलं असतं. जगात असं होतं. वर्तमानपत्रात अशा बातम्याही येतात, सोबत टपालवाल्याचा हसरा फोटो असतो. सहाव्या दिवशी त्यांनी शिक्का शाईत बुडवला, पार्सलावर धरला, आणि त्यांना जुन्या शिक्क्याखालची आपली सही दिसली. ती फार टापटीप होती. चाळिसातली असूनही. त्यांनी शिक्का पुसून जागेवर ठेवला. या गडबडीत पंचेचाळिसावा दिवस कधीच होऊन गेला होता, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

पंचविसाव्या वाढदिवसाच्या सकाळी बाईंनी चहा पुढे ठेवला. "काय हो, आईचं पार्सल?"

वाटेतरावांनी ते टेबलाखालून काढून कपाच्या शेजारी ठेवलं.

बाई उभ्याच राहिल्या. मग त्यांनी चष्मा लावला आणि उत्तरपत्रिका वाचावी तसं पार्सल वरपासून खालपर्यंत वाचलं. "कुठून आलं?"

"वाटेत होतं."

"हा शिक्का तुमच्या कचेरीचा. तारीख तेव्हाची. आई होती तेव्हाची." बोट खाली सरकलं. "आणि ही सही?"

"माझी."

"म्हणजे वाट होती तरी केवढी?"

वाटेतराव छताकडे बघणार होते. पण मोजमाप विचारल्यावर खोटं सांगणं त्यांना कधी जमलं नव्हतं. "तीन हात," ते म्हणाले. "रॅकच्या वरून रॅकच्या मागे."

बाईंनी वह्यांच्या गठ्ठ्याजवळची कात्री घेतली आणि शिवण एकेक टाका करून उसवली. आत घड्याळ होतं, जुन्या ओढणीत गुंडाळलेलं, आणि एक चिठ्ठी: 'किल्ली सात वेढे, जास्त नाही. जावईबापूंना म्हणावं, त्यांच्या हातातून जाणार म्हणून निर्धास्त आहे. पोचल्याचं कळव.'

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग ओढणीची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. वाटेतराव चहाकडे बघत होते. तो केव्हाच गार झाला होता.

"चार पत्रं आली होती तिची," बाई शेवटी म्हणाल्या. "चारही वेळा मी तुमचं उत्तर तिला लिहिलं. माझ्या अक्षरात."

"हो."

"कळवायला आता कोणी नाही."

"नाही."

बाईंनी किल्ली सात वेढे दिली. घड्याळ क्षणभर विचार करून चालू झालं. "उत्तर बरोबर आलंय," त्या म्हणाल्या, "पण पायऱ्या सगळ्या चूक. पाचपैकी अर्धा." मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, एक रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आल्या, तो वाटेतरावांच्या उशाशी ठेवला आणि त्यावर घड्याळ ठेवलं. गजर पहाटे पाचचा लावला. तो काही दिवसांपुरता नव्हता, हे त्यांच्या किल्ली फिरवण्यातूनच कळत होतं.

त्याच सकाळी संरक्षण कक्षाचा निरोप आला: 'मुदत पूर्ण झाल्याने आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?' विक्रेत्याचाही आला: 'घड्याळ वाटेत आहे.' आणखी एक आत्या मात्र अत्यवस्थ होती.

वाटेतराव कचेरीत पोचून खुर्चीत बसतात तर खिडकीपुढे मंगळवारचे काका उभे. नवी, स्वच्छ छत्री घेऊन. "काही आलंय का?"

तोंडाशी आलेले दोन शब्द वाटेतरावांनी गिळले. ते उठले, रॅक ओढला, मागे पाहिलं, परत आले. "नाही. तुमचं काही यायचंही नाही आता."

"असं कसं," काका आनंदाने म्हणाले. "वाटेत असेल." आणि आभार मानून गेले.

आता कबूल केलेल्या उपायाकडे वळू. माल न पाठवणाऱ्या विक्रेत्यावरचा खात्रीचा उपाय सुरुवातीलाच बांधायला घेतलेला होता, तो केव्हाच निघाला आहे. वाचकांनी इथवर हात आपटला नाही, आवाज चढवला नाही, मधे एकदाही विचारलं नाही. ते कोणत्या वर्गातले, हे सांगण्याची गरज नसावी. त्यांच्यासारख्यांवरच सगळं चाललेलं असतं. उपाय वाटेत आहे.

तोवर रिकामं बसण्यापेक्षा तुम्ही आपल्या मावशीला फोन करावा. तिने मागे कधीतरी जुने फोटो मागितले होते आणि तुम्ही 'पाठवतोच' म्हणून कळवलं होतं. तेव्हापासून कोणी घरी आलं की ती सांगते: भाचा कामात असतो फार, पण शब्दाचा पक्का आहे. तिने तुम्हाला पाच तारे दिलेले आहेत.